वासाऐवजी खाज सांगितली

मंगळवार, संध्याकाळ. कर्वेनगर.

परवा डॉक्टरबाईंनी सरळ विचारलं होतं, "अंगावरून जातं ते दह्यासारखं घट्ट, खाज सुटते? की पातळ, माशासारख्या वासाचं?" पातळच. आणि वास... आठ दिवस डोक्यात तेवढंच आहे. पण शेजारच्या खुर्चीत सासूबाई. वास येतो ती बाई अस्वच्छ, हे त्यांचं ठाम मत. मी म्हणाले, "खाज सुटते." का म्हणाले? "मग बुरशीच," म्हणत बाईंनी मलम लिहून दिलं. नसलेल्या खाजेवर!

आत्ता स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, खाज थांबली का?"

"हो."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? बाईंच्या हाताला गुण आहे."

मी मान डोलावली. वास तसाच आहे.