ओठाला लावून बघितलेली कड

२ मार्च
अक्का — हिरडी सुजलेली. सूनबाई — सर्दी उतरली. मुलगा — पाठ धरली होती, सुटली. मी — ठणठणीत! नुसता पट्टा सैल होतोय. नवीन भोक पाडलं. बरंच झालं, पोट गेलं.

अक्काला नवी कवळी करून दिली, तर तीच टोचते म्हणे. सख्खी मोठी बहीण, म्हणून गुळगुळीत करायच्या बफच्या चाकावर जास्तच धरली होती. कडही ओठाला लावून बघितली. बोट फसतं, ओठ फसत नाही. उजव्या हातात कानस, डाव्यात कवळी, तशीच उचलून ओठाच्या डाव्या कोपऱ्याला. ही तपासणी कुणी शिकवली नाही, माझी मीच लावून घेतलेली सवय. लोण्यासारखी लागली होती!

५ मार्च
पुन्हा घासली, पुन्हा ओठाला लावली. लोणीच! अक्का म्हणाली, "जन्मभर लोकांना दात दिलेस, बहिणीला मात्र काटे." हसलो दोघं. पण नुसतं पातळ पिऊन राहतेय. मनगटं कशी काडीसारखी झालीत. जीव तुटतो.

८ मार्च
शेजारचे मास्तरही कवळी परत घेऊन आले. "अहो, गाल सोलून निघाला!" म्हातारी माणसं किरकिरी होतात — मी धरून.

दाढी करताना हनुवटी कापली. "बाबा, रक्त!" सूनबाई ओरडली तेव्हा कळलं. ब्लेड भारी धारेचं.

११ मार्च
कवळीत खोट नाही, मग अक्काच्या नसेतच काही असणार. दातांच्या कॉलेजात चावण्याचा अभ्यास चाललाय, कवळीवाली म्हातारी माणसं हवी आहेत. उद्या नेतो. देवा, काही वाईट निघू नये तिचं.

१२ मार्च
अक्काच्या दोन्ही गालांवर तारांच्या टिकल्या चिकटवल्या. तोंडात च्युइंगम. "नवरी दिसतेय का रे?" म्हणाली! ती चावेल तशा पडद्यावर रेघा उसळत होत्या — गालाच्या स्नायूंची हालचाल. मग हनुवटीवर बोट ठेवून त्यावर छोट्या रबरी हातोडीची टिचकी, जबडा उसळतो का बघायला.

संशोधक बाई पोरसवदा, पण समजावून सांगतात छान. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला तीन फांद्यांची एक नस. दाताखाली काय आलं, मऊ की कडक, ही खबर तीच आत नेते आणि किती जोर लावायचा हा हुकूमही तीच घेऊन येते. खबर थांबली तर माणूस स्वतःचा ओठ चावतो, आणि त्याला पत्ता नसतो.

तुलनेला धडधाकट माणूस हवा होता. मी बसलो! माझ्या रेघा दोन्हीकडे सारख्या. बाई म्हणाल्या, "जबडा तरुण आहे, आजोबा." मग डोळे मिटायला लावले. "ओठाला, हनुवटीला कापूस लावते, लागला की सांगा." उजवीकडे लागला, सांगितलं. मग वाट बघत बसलो, बाई डावीकडे लावेचनात. डोळे उघडले तर म्हणाल्या, "झालं." फारच हलका हात!

पण चेहरा उतरला होता त्यांचा. "वजन कमी झालंय का हो अलीकडे?" पट्ट्याची गंमत सांगितली. हसल्या नाहीत.

१५ मार्च
कॉलेजातून फोन. अक्काची नस चोख! जीव भांड्यात पडला. "तुम्ही मात्र या, आजोबा. डावी हनुवटी आणि ओठाची डावी बाजू बधिर आहे, वजनही उतरतंय, तपासायला हवं. घरचं कुणीतरी सोबत आणा."

बधिर? माझी?

१६ मार्च
अक्काची कवळी ओठाच्या उजव्या कोपऱ्याला लावली. करवत! डाव्याला लावली. लोणी.

उजव्या ओठानं तपासत पुन्हा घासून दिली. अक्का पोटभर जेवली. "आता कसं जमलं रे?" म्हणाली.

मास्तरांची कवळी मागवून घेतलीय. उद्या मुलाबरोबर तपासणीला जातो. बाईंना तसा निरोप धाडला, आणि वर एवढंच — काय असेल ते लवकर कळवा.