निझारची खुर्ची

३ ऑक्टोबर
आज दुपारी तोझरला पोहोचले. खजुराची तोडणी चालू आहे, रस्ताभर गाढवगाड्या. संशोधन केंद्रात निझारची, माझ्या धाकट्या भावाची, जागा मला मिळाली, खोलीही तीच. उन्हाळ्यात तो इथेच गेला. खाणं सोडलं होतं. गांधीलमाश्यांच्या कोषांच्या पेट्यांसमोर खुर्चीत बसल्याबसल्याच गेला. केंद्रप्रमुख हेदी, सगळे त्यांना सी हेदी म्हणजे हेदीसाहेब म्हणतात, भले वाटले. म्हणाले, या गांधीलमाश्या तिळाएवढ्या म्हणून हसू नकोस, अख्ख्या केंद्रात काम तेवढं त्याच करतात. स्वयंपाकघरातल्या मब्रूकांनी, सगळ्यांच्या खाल्तींनी म्हणजे मावशींनी, ताट वाढलं आणि दम दिला, भावासारखे नखरे केलेस तर तोंडात कोंबीन. पुष्कळ दिवसांनी हसले.

६ ऑक्टोबर
काम आवडतंय. निरनिराळ्या खजूरबागांतल्या माश्यांची जनुकं ताडून कोणती कुणापासून उपजली ते ठरवायचं. माशी खजुरावरच्या किडीच्या अळीच्या अंगात अंडी घालते, सोबत एक विषाणू सोडते. तो फार पूर्वी तिच्याच जनुकांत मुरलेला आहे. पिल्लं अळीला पोखरून बाहेर येतात, कोष विणतात. अळी लगेच मरत नाही. खाणं सोडून कोषांची राखण करते; कुणी जवळ आलं की डोक्याने धडका मारते. आज एक माशी माझ्या मनगटावर बसली. सी हेदी म्हणाले, घाबरू नकोस, तिला तू आवडायची नाहीस.

११ ऑक्टोबर
नमुन्यात आमचंच काही मिसळलं तर ओळखू यावं म्हणून इथे प्रत्येकाची लाळ ठेवलेली असते. निझारची आज मी तपासली. तिच्यात विषाणूची जनुकं. सी हेदी म्हणाले, पोरगा हातमोजे घालायचा नाही, घाण मिसळली असेल. पण मिसळलेली घाण सुटी दिसते. ही त्याच्या जनुकांत सांधलेली आहे. पुन्हा केलं. तेच.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
खाल्तींनी निझारच्या नावाने कुसकुस शिजवला. पहिला घास घरच्याने घ्यायचा, सगळे माझ्यासाठी थांबलेले. घास तोंडाशी नेला, जाईना. खाल्ती म्हणाल्या, पोरी, दुःखाने पोट भरत नसतं. दुःख नव्हतं ते. भूकच नाही.
माझी लाळ तपासायला लावली.

१५ ऑक्टोबर
माझ्यातही. सांधलेली.
सी हेदींना सांगितलं. हसले नाहीत. उद्या सगळ्या पेट्या जाळू म्हणाले. हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांचा गळा धरावासा —

१६ ऑक्टोबर
खाल्ती पेट्या उचलायला आल्या. मी डोक्याने — त्यांचं नाक फुटलं. रडत विचारत होत्या, अगं, मी तुझं काय वाकडं केलं? काहीच नाही. मला त्या आवडतात. पुन्हा आल्या तर —

दार आतून लावलंय. बाहेरून हाका. माझं डोकं हलतंय, थांबत नाही.
आईला कुणीतरी —
निझारची खुर्ची पेट्यांसमोर ओढून घेतली. तोंड दाराकडे. बसले. कोष आता