पुढचं डावं चाक

प्रिय बाबा,

फोन सोडून ही पत्र कशाला लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. फोनवर आपलं बोलणं हल्ली कसं होतं ते तुम्हालाही माहीत आहे. मी विचारते एक, तुम्ही सांगता भलतंच, आणि मग "बरं बरं, ठेवतो" म्हणून ठेवून देता. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा. अर्ध्यात घडी घालून शर्टाच्या खिशात टाकू नका, ती तुमची सवय मला ठाऊक आहे.

आधी बातमी. आमच्या पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग मी बदललं. मी म्हणजे मीच, या हातांनी. हो, तेच चाक, ज्याबद्दल तुम्ही दीड महिन्यापूर्वी शेजारच्या सीटवर बसून म्हणाला होतात, "काही नाही, गाडी ठणठणीत आहे." ते बेअरिंग आत्ता माझ्यासमोर वर्तमानपत्रावर पडलंय. आतल्या गोळ्या ज्या पट्टीवरून फिरतात ती जागोजाग खरवडली आहे, ग्रीस जळून डांबरासारखं काळं झालंय. तुम्हाला पाठवणार होते, पण पोस्टातल्या माणसाचे हात कशाला खराब करायचे.

आवाज यायला लागला त्याला तीन महिने झाले. सरळ रस्त्यावर बारीक घूं, वेग वाढवला की मोठा, उजवीकडे वळताना तर इतका, की मागच्या काचा चौकटीत थरथरायच्या. तुमचे जावई काचा कापतात, मी पोहोचवते. आमच्या धंद्यात थरथर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ते म्हणाले, टायर झिजलेत. तेही खरंच होतं, म्हणून पुढचे दोन्ही टायर बदलले. आवाज जागच्या जागी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या माणसाने चाकाला हातही न लावता सांगितलं की अख्खा हब, म्हणजे चाकाचा सगळा मधला भाग, बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी नुसतं पाणी पिऊन घरी आले. तेव्हा जावईच म्हणाले, घरात एवढा मोठा कान असताना आपण बाहेर कशाला भटकतोय.

त्या कानावर मीसुद्धा वाढले आहे, बाबा. तुम्ही कधी जॅक लावून चाक तपासलं नाहीत. गिऱ्हाइकाच्या शेजारी बसायचं, काच खाली, डोळे मिटलेले, रस्त्याच्या टोकापर्यंत एक फेरी आणि परत. उतरताना सांगायचं: मागचं उजवं. आणि ते मागचं उजवंच निघायचं. लोक लांबून यायचे, नुसती तुमची फेरी घ्यायला. मी गॅरेजच्या मागच्या दारात उभी राहून बघायचे. आत यायला मला बंदी होती. मुलीच्या हाताला ग्रीस बरं दिसत नाही, असं तुम्ही म्हणायचात. धाकट्याला मात्र कान धरून बसवायचात, आणि तो खिडकीतून पतंग बघायचा. जे त्याला शिकवलंत ते मी दारातून शिकले. कशाला कुणाचे उपकार.

तर दीड महिन्यापूर्वी मी गाडी घेऊन आले, माझी छोटीही बरोबर होती. तुम्ही नेहमीसारखे डोळे मिटून बसलात. मी निघताना उजवा इंडिकेटर दिला आणि तो बंद करायचा राहिला. अख्खी फेरी तो टिकटिकत होता. एकेकाळी दोन टिकटिकी जास्त झाल्या तर तुम्ही माझ्या बोटांवर चापट मारायचात. छोटीने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. मी वळणं मुद्दाम उजवीकडे घेतली, वेग वाढवला. चाक असं बोंबलत होतं, की फुटपाथवरचा माणूस थांबून बघायला लागला. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गाडी थांबल्यावर तुम्ही डोळे उघडलेत, माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, गाडी ठणठणीत आहे.

मला तेव्हाच कळलं. तिथेच, त्या क्षणी. आणि मी काय केलं? हसले, थँक्यू म्हणाले, गाडी काढली आणि पुढे पाच आठवडे त्याच चाकावर काचा वाहिल्या. पोटच्या पोरीला शेजारी बसवून. का, तर तुम्हाला वाईट वाटेल. जावयांनी विचारलं तर त्यांनाही सांगितलं, बाबा म्हणालेत काही नाही. याचा राग मला तुमच्यापेक्षा माझाच जास्त येतो, पण तुमचाही येतो, आणि तो कमी आहे असं समजू नका.

मग त्या मंगळवारी चढावर जळका वास आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. गाडी बाजूला घेतली, छोटीला फुटपाथवर उभं केलं आणि बाटलीतलं पाणी चाकाच्या मधोमध ओतलं, तर तव्यावर ओतल्यासारखं चरचरलं. मागे चार मोठे आरसे होते. एका नव्या सलूनचे, कर्ज काढून दुकान टाकणाऱ्या पोरीचे. आरसे वाचले. आम्ही वाचलो. उतारावर असतो तर हे पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा धाकट्याला फोन केला आणि स्पष्ट विचारलं. तो आधी टाळाटाळ करत होता. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी म्हणाला, "ताई, दोन वर्षं झाली. बाबा जेवायला गेले की मी गाड्या पुन्हा तपासायचो." दोन वर्षं! तुम्ही फेरी मारायचात, निकाल द्यायचात, आणि तुमची पाठ वळली की तो जॅक लावून चाकं हलवून बघायचा, चुकलेलं गुपचूप दुरुस्त करायचा. ज्याला मी आयुष्यभर आळशी म्हणत आले तो तुमची झाकली मूठ सांभाळत होता. माझी गाडी त्याच्या हाती लागली नाही, कारण मी लगेच निघाले. आणि गेल्या महिन्यापासून तर तो तिथे नाहीच. दुसरी नोकरी धरली. तुम्ही सगळ्यांना सांगता की त्याला कष्ट नको होते. त्याला खोटं नको होतं, एवढंच.

बेअरिंगचं सांगते, कारण कसं केलं हे तुम्ही विचारणारच. अख्खा हब घेतला नाही. चांगल्या कंपनीचं नुसतं बेअरिंग आणि एक्सलचा नवा नट सुट्या भागांच्या दुकानातून आणला. जॅक लावला, खाली आधाराला लोखंडी घोड्या ठेवल्या, चाक वर-खाली धरून हलवलं, तर पडायला आलेल्या दातासारखं हललं. दुसरा हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं तर तळव्याला वाळू दळल्यासारखं लागलं. कानात बोळे घातले असते तरी कळलं असतं. मग ब्रेक सोडवून, बोल्ट काढून चाक ज्यावर बसतं तो अख्खा लोखंडी नकल उतरवला आणि मांडीवर घेऊन रिक्षाने, यंत्राने दाबून बेअरिंग बसवणाऱ्या प्रेसवाल्याकडे गेले. जावई म्हणत होते, हातोडीने ठोकून बसवू, प्रेसचे पैसे वाचतील. मी म्हटलं, स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. ठोकलं की गोळ्यांचा मार्ग चेपतो आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं. प्रेसवाल्याला मी सांगितलं, बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच दे, आतल्या नको. त्याने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. हबच्या किमतीच्या पाव हिश्श्यात सगळं झालं. निघताना त्याने विचारलं, ताई, कुणाकडे शिकलात? मी म्हटलं, कुणाकडे नाही. हे तुम्हाला लागावं म्हणूनच लिहिते आहे.

आता बिनआवाजी गाडी चालवते. इतकी बिनआवाजी, की पहिले दोन दिवस भीतीच वाटत होती. छोटी विचारते, आजोबांना कळलं कसं नाही?

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल शाळेच्या फुटलेल्या खिडकीची काच पोहोचवायला गेले होते. फाटकात पिवळी व्हॅन वळली आणि तोच आवाज आला. तोच, बाबा, झोपेतून उठवलं तरी ओळखेन. आत अकरा पोरं होती, मी मोजली. व्हॅनवाल्या ताईंना थांबवलं, तर त्या हसून म्हणाल्या, तुमच्या बाबांनी परवाच फेरी मारली, चाकं एकदम ठीक आहेत, त्यांच्या शब्दावर मी डोळे मिटून गाडी चालवते. मी म्हटलं, "माझ्या बाबांना ऐकू येत नाही." फाटकात पाच-सहा आया उभ्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी किल्ली काढली आणि पोरांना उतरवलं. हे पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत तुमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक झालेलं असेल, आणि ते पसरवणारी मी आहे, दुसरी कुणी नाही. तुमची चाळीस वर्षांची अब्रू मी एका वाक्यात घालवली. माफी मागणार नाही, कारण उद्या पुन्हा वेळ आली तर तेच वाक्य बोलेन. रविवारी सकाळी ती व्हॅन टोइंगवर घालून मी तुमच्याच गॅरेजला आणणार आहे, आणि या वेळी मागच्या दाराने नाही. शटर बंद असेल तर वाजवेन. तुम्ही आत असाल हे मला ठाऊक आहे. उघडायचं नसेल तर उघडू नका. फक्त नंतर कुणी विचारलं आणि तुम्हाला सांगायचं असेल की "शटर वाजलेलं मला ऐकू आलं नाही", तर तेवढं तरी एकदा आपल्या तोंडाने सांगा.

तुमचीच,
थोरली