पोरगं खच्ची झालं का?

नाना, तुम्ही गेल्यापासून घरात मोठ्यानं बोलणारं कुणी राहिलं नाही. सगळे जपून बोलतात, मीसुद्धा. तुम्हाला ते कधी जमलंच नाही. गंगापूर रोडच्या त्या दवाखान्यात, माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर येतात, गाठ होती ते अंड काढलं, दुसरं चांगलं आहे म्हणतात, आणि तुम्ही अख्ख्या वॉर्डासमोर विचारता, "म्हंजी डॉक्टरसाहेब, पोरगं खच्ची झालं का?" शेजारच्या खाटेवरच्या माणसानं चादर तोंडावर ओढून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तुम्ही तरी काय करणार? सातपूरच्या कंपनीत जन्म गेला, तरी डोक्यात गावाकडचा गोठाच. गोऱ्हा खच्ची केला की तो औताला जातो, गाईकडं ढुंकून बघत नाही, एवढंच तुम्हाला ठाऊक. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बैलाचं दोन्हीकडचं जातं, काका. याचं एक शाबूत आहे. दाढीमिशी, इच्छा, संसार, सगळं एकावर चालतं. फक्त पुढची औषधं कडक आहेत, त्यांनी बीज कमी होऊ शकतं. तेवढं आधी साठवून ठेवा."

मग लॅबमध्ये माझ्या हातात प्लास्टिकची डबी, आणि तुम्ही बाहेरून ओरडताय, "सावकाश होऊ दे, मला काय घाई नाय!" नाना, असं कुणी ओरडतं का?

लग्न जमवतानाही तेच. पोहे खाता खाता तुम्ही मुलीच्या वडिलांना सांगून टाकलंत, "याचं एक काढलेलं हाय. नंतर फसवलं म्हनू नका." ती आतून ऐकत होती, तरी हो म्हणाली. अडलं ते माझ्यापाशी. शरीर ठणठणीत, पण मनातून तुमचा तो बैल काही हलेना. किती महिने मी तिच्याकडे पाठ करून झोपलो. द्वारका चौकातल्या सिग्नलला स्कूटरवर मागे बसून तुम्ही हळूच विचारलंत, "बाकी बरं हाय ना रे?" आयुष्यात एकदाच हळू बोललात. मी हो म्हणून मान हलवली. बरं नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "अहो, मला सगळं आधीच माहीत आहे. मग लपवताय कुणापासून?" त्यानंतर हळूहळू सगळं सुरळीत झालं. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, तुम्ही त्याआधीच गेलात.

मूल मात्र राहत नव्हतं. औषधांनी व्हायचं ते झालं होतं. साठवलेलंच कामी आलं. परवा डॉक्टरबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. मला तुमची फार आठवण आली.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, कारण घरात राहिलं तर ती वाचेल, आणि एवढं एक तिला कळायला नको. ठोके ऐकू आले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, आणि मी दाराकडे, तुम्ही आत याल म्हणून.