पदर सावरणारा हात

बाबा, आई अंगणात सडा टाकते आहे, आणि तुम्ही बैलांना तणस घालायचं सोडून तिच्याकडे बघत उभे आहात.

"काय पाहून राहिले? ढोरं उपाशी हायेत," आई म्हणते.

"तू पदर कशी सावरते, थे पाहून राहिलो."

"चाळीस वर्साचा माणूस, अन् पदर शिकून राहिला."

मी उंबरठ्यावर नाटकाची वही घेऊन बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मी शाळेत दोनच वर्षं गेलेली. एकेक अक्षर जुळवून तुम्हाला वाक्यं सांगता सांगता मी वाचायला शिकले. आता आमचे हे गेल्यापासून दिवस सरतो तो त्याच वाचनावर.

आमच्या एकोडी गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, आणि तिथल्या नाटकात नायिका तुम्हीच व्हायचात. त्या वर्षीच्या नाटकात ती पुरुषाचे कपडे घालून शेठकडे मुनीम म्हणून राहते, शेठवर तिचा जीव जडतो आणि शेठची बहीण तिच्यावरच भाळते. परवा रविवारी दुपारी सुनेनं टीव्हीवर त्याच नाटकावरून काढलेला सिनेमा लावला. नटी देखणी होती, मिशीही छान लावलेली. सगळे हसले, मीही हसले. पण शेठचे वडील आले तेव्हा ती खिशात हात घालून उभी राहिली. तुमचा हात मात्र तिथं खांद्याकडे जायचा, पदर नाही हे कळून अडायचा आणि उगाच मान खाजवायचा. पुढं बसलेल्या बाया सगळ्यांत आधी हसायच्या. पुरुष बाई झालेला, ती बाई पुरुष झालेली, आणि तो हात आमच्या आईचा. एवढं त्या सिनेमावाल्यांना जमलं नाही. मी हे सगळं घरात उभं राहून करून दाखवलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही तं तिच्यापेक्षा भारी करता."

मग मुलगा म्हणाला, "पण आबानंच बंद करायले लावलं न नानाजीचं नाटक?"

आबा म्हणजे माझे सासरे, नानाजी म्हणजे तुम्ही. मी "हो" म्हणाले.

बाबा, माझं लग्न जमलं तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, की सासऱ्यांना व्याह्यानं लुगडं नेसलेलं चालणार नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "ठीक हाये. मिशी ठेवतो." सासरे तसं कधीच बोलले नव्हते. उलट दर मंडईला ते मला विचारायचे, "व्याही यंदा बी काहून नाई?" सासरी, जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमधल्या बाया काय म्हणतील, याची लाज मला वाटत होती. तुम्ही शेवटपर्यंत सासऱ्यांशी तुटक वागलात, आणि त्यांना त्याचं कारण कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा फॅक्टरीच्या बसला निघाला होता. मी त्याला दारात थांबवलं आणि खरं काय ते सांगितलं.