जीभ माझी, आमटी शुभांगीची

६ नोव्हेंबर, सकाळ
सूनबाईची खानावळ आजपासून सुरू. आमच्या माण गावात आता शेतं कमी आणि भाड्याच्या खोल्या जास्त. वरच्या मजल्यावरची कॉम्प्युटरवाली पोरं बाहेरून काहीबाही मागवून खातात, शुभांगी त्यांना घरचं जेवण देणार. चव बघायचं काम मी घेतलं. कुणी दिलं नव्हतं, पण अशी कामं मागून मिळत नाहीत. गावजेवणात आमटीचा थेंब तळहातावर घेऊन मीठ सांगणारा हा भिवाजीआप्पा अजून जिवंत आहे.
संकल्प: जीभ स्वच्छ राहावी म्हणून तंबाखू बंद.

६ नोव्हेंबर, दुपार
एकदम बंद केली तर जिभेला धक्का बसेल. हळूहळू बंद.

९ नोव्हेंबर
मोबाईलवर जिभेची माहिती वाचली. फार कष्टाळू अवयव. घास दाताखाली सरकवायचा, दातात अडकलेलं शोधायचं, चावलेलं घशाकडे ढकलायचं, वर बोलायचं खातंही तिच्याकडेच. भाडेकरू इंद्रजित जेवत होता. त्याला म्हटलं, जीभ न हलवता 'तांदूळ' म्हणून दाखव. त्याने मनापासून प्रयत्न केला. घास शर्टावर. ज्ञान पोचलं.
सगुणाबाईचं म्हणणं, तुमच्या जिभेचं बोलण्याचं खातं चोवीस तास उघडं असतं, बाकीची कधीच बंद पडली असतील. बायकोला विज्ञानाची आवड नाही.

१२ नोव्हेंबर
आमटी अळणी. शुभांगी घाईत मीठ विसरते. मूठभर टाकलं. गौतमी नावाची मुलगी वरच्या खोलीत राहते, ती जेवताना तांब्याभर पाणी प्यायली. थंडीत पोरं पाणी पीत नाहीत, तेवढाच फायदा.

१५ नोव्हेंबर
पुन्हा अळणी. पुन्हा मूठ. इंद्रजितने पिझ्झा मागवला. गौतमी म्हणे उद्यापासून ऑफिसातच जेवणार. शहरातल्या पोरांची जीभ कच्ची, दुसरं काय.
सगुणाबाई म्हणाली, पेरूला मीठ, कलिंगडाला मीठ, काल तर बिस्किटाला लावलंत. डॉक्टरला जीभ दाखवा. मी लक्ष दिलं नाही. शुभांगीचे डोळे लाल होते. कांदा चिरला असावा.

२० नोव्हेंबर
मोठा बदल! तक्रार एकही नाही. गौतमी परत जेवायला येते. इंद्रजितने आज दोनदा भात घेतला आणि आमटीत बुडवून खाल्ला. मी मूठ सोडलेली नाही. म्हणजे पोरांच्या जिभांना वळण लागलं. चिकाटी लागते.
शुभांगी आता स्वतः मला हाक मारते. म्हणाली, "मामंजी, तुमी चव बघितल्याबिगर मी ताट वाढायची न्हाई." पोरगी गुणाची आहे. उशिरा का होईना, कळलं तिला.

२५ नोव्हेंबर
पिरंगुटच्या एका वर्कशॉपचे साहेब गुरुवारी जेवून बघायला येणार. पसंत पडलं तर तिथल्या कामगारांचं दुपारचं जेवण आपल्याकडे. नाही पडलं तर शुभांगीला परत पॅकिंगच्या कामावर जावं लागेल, अंधारात उठून, बसला लटकून. नुसत्या भाडेकरूंवर खानावळ चालत नाही म्हणते. मी म्हटलं, काळजी करू नको, मी आहे ना. ती आणखीच काळजीत दिसली.
संकल्प: गुरुवारपर्यंत तंबाखू नाही, चहा नाही, तिखट नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
चहा घेतला, पण कोमट. तंबाखू फक्त डाव्या गालात ठेवली, उजवी बाजू चवीसाठी राखून. आमटी चाखली. नुसतं पाणी! अशा दिवशी सूनबाईने मीठ विसरावं? दोन मुठी टाकल्या. घराण्याची अब्रू वाचली.
साहेबांनी वाटी तोंडाला लावली, पुन्हा मागितली, बोटं चाटली. मी त्यांना चाटण्यातलं जिभेचं काम समजावून सांगितलं. ते 'हं, हं' करत जेवत राहिले. काम मिळालं! शुभांगी माझ्या पाया पडली. श्रेय कुणाचं ते लिहायला नको.

२ डिसेंबर
वाढलेल्या कामासाठी रंभाबाई आली. मोकळ्या स्वभावाची. मी स्वयंपाकघरात पाय ठेवला तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती. विचारत होती, "शुभांगी, आप्पांच्या मिठाची पातेली यातली कुटली गं?"
शुभांगीने तिला डोळ्यांनी गप्प केलं. मी पाहिलं. शेगडीवर मोठं पातेलं, शेजारी छोटी पातेली. रोज माझ्यापुढे येते ती छोटी. साहेब आले त्या दिवशीही तीच. आणि दोन्ही वेळेला माझ्या ताटात पडते ती आमटीसुद्धा त्यातलीच.
मी मोठ्या पातेल्यातला थेंब तळहातावर मागितला. चाखला. मला तर पाणीच लागलं. रंभाबाईने चाखून मान डोलावली, म्हणाली, लई झ्याक. शुभांगीने डाव खाली ठेवून विचारलं,
"मामंजी, मीठ?"
"बरोबर हाय पोरी. आता कुणाला हात लावू देऊ नकोस."
सगुणाबाईला डॉक्टरची वेळ विचारली. तिने टोमणा न मारता वेळ सांगितली, तेच जास्त लागलं.

दुपार
माझ्या ताटात मोठ्या पातेल्यातली आमटी. सगळ्यांदेखत मीठ मागितलं नाही. सगळे उठल्यावर घेतलं.