काळ्या अल्पाकाच्या कानाचा तुकडा

प्रति,
मा. शिष्टमंडळ प्रमुख,
पाळीव जनावरांच्या जनुकीय ठेव्यावरील हक्कांबाबतच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी,
लिमा, पेरू.

विषय : जबाबातील 'आमच्या नकळत' हे शब्द वगळण्याबाबत.
संदर्भ : जिनिव्हाच्या बैठकीसाठी सहीला आलेला आपला मसुदा.

महोदया,

१. अर्जदार हा पुनोच्या वरच्या कुरणांवरील अल्पाकापालक संघाचा अध्यक्ष आहे. परदेशी कंपनीने आमच्या अल्पाकांच्या काळ्या रंगाच्या गुणावर मालकी सांगितली असून, ती मान्य झाल्यास आमची काळी पिल्ले आम्हालाच तिच्या परवानगीने जन्माला घालावी लागतील, हे आपण समजावून दिलेत. सबब, ज्यातून तो गुण शोधला, तो पिल्लाच्या कानाचा तुकडा कंपनीच्या डॉक्टरांनी 'आमच्या नकळत' नेला, असा जबाब अर्जदाराने द्यावयाचा आहे.

२. कार्निव्हलच्या सणाला आम्ही पिल्लांच्या कानाला कापून खूण करतो. कापलेले तुकडे धरणीमातेला परत द्यायचे. ते पुरण्याचा मान त्या दिवशीच्या धर्मपित्याचा. काही वर्षांमागे अर्जदाराने हा मान कंपनीच्या याच डॉक्टरांना, डॉ. हेन्रिक यांना दिला, त्यामुळे ते अर्जदाराचे कोंपाद्रे, म्हणजे जन्माचे सोयरे झाले. नाचता नाचता त्यांनी अर्जदाराच्या पत्नीच्या काळ्या पिल्लाचा तुकडा खिशात टाकला. अर्जदाराने ते पाहिले आणि त्यांचा पेला भरला. भर सणात सोयऱ्याला खिसा उलटा करायला सांगणे आमच्यात बसत नाही.

३. तेव्हापासून पिल्ले दगावत आहेत. खड्डा खणणारे वृद्ध डॉन फोर्तुनातो यांच्यावर सारा ठपका आला. "उथळ खणलंस, म्हाताऱ्या, धरणीच्या तोंडाला पानं पुसलीस!" असे म्हणून लोकांनी त्यांचे खणण्याचे काम काढून घेतले. ते भेटले की विचारतात, "सातुर्निनो, तू तरी पाहिलंस ना रे, मी कोपरभर खणलं ते?" अर्जदार "हो काका" म्हणतो आणि जनावरे हाकायला लागतो.

४. आपल्या कार्यालयाचे वकील फोनवर म्हणाले, "डॉन सातुर्निनो, तुम्ही नुसती सही ठोका, कानाचं आम्ही बघतो." अर्जदाराने पत्नी बासिलिया हिला खरे सांगितले. ती म्हणाली, "सोयरा तुझा, कान माझ्या जनावराचा, शिव्या खाणार तो म्हातारा. कर की सही! अध्यक्ष ना तू?"

५. तरी विनंती की, 'आमच्या नकळत'ऐवजी 'अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत' असे लिहावे. त्याने देशाची बाजू लंगडी पडते, हे अर्जदारास कळते. त्याबद्दल त्याला झोप नाही. मात्र जिनिव्हात हक्कांची बोलणी सुरू होण्यापूर्वी तो तुकडा परत मागावा. बाटलीत ठेवला असल्यास बाटलीसकट चालेल.

६. शेवटची विनंती वाटाघाटींच्या कक्षेत बसत नाही. आपल्या एखाद्या कर्मचाऱ्याने येऊन हा अर्ज डॉन फोर्तुनातो यांच्यासमोर, सगळ्या कुरणाला ऐकू जाईल असा वाचावा. अर्जदार स्वतः सांगायला गेला होता. गारपिटीवर बोलून परत आला.

काका, खड्डा खोल होता. मी पाहिलं होतं.

आपला ओशाळा,
सातुर्निनो युक्रा चोकेवांका
दि. ९ जून

सोबत :
१) जबाबाचा मसुदा, बिनसहीचा.
२) कोकाची तीन अखंड पाने, धरणीला वाहायची आणि सोयऱ्याला द्यायची असतात ती. तुकडा मिळाल्यास त्यासोबत ठेवावीत. न मिळाल्यास डॉ. हेन्रिक यांना द्यावीत, कारण सोयरीक अजून मोडलेली नाही.